खारीचं रडू

"आई, बाबांच्या दहाव्याला नाही गं येता येत," म्हणत निनाद पडद्यावर रडू लागला. आधी ओठाची डावी कड थरथरली, मग हनुवटी.

हेमांगी चपापली. हे रडू तिनंच, दिग्दर्शिका म्हणून, पहिल्या ॲनिमेशनपटातल्या खारीसाठी काढलं होतं. पुढे फोनवाल्यांनी ते विकत घेतलं. आता फोन ते कुणाच्याही चेहऱ्यावर चढवी. पण खारीला तरी ते तिनं दिलं कुठून? तीन वर्षांच्या निनादला रडताना बघूनच ना! मग हे आत्ताचं कुणाचं?

"बाळा, तो मेला कॅमेरा बंद कर आधी. नुसता आवाज ऐकू दे तुझा."

पलीकडचे हुंदके थांबले. पडद्यावरचा ओठ मात्र थरथरतच राहिला.

"अगं आई, कॅमेरा मी लावलेलाच नाही."