आठशे मीटर

"आठशेच सांगितलं होतं मी. आठशेच," काका दवाखान्याच्या पायऱ्या चढताना स्वतःशीच पुटपुटत होते.

काल सकाळी टपालाचं छोटं विमान धुक्यात धावपट्टीच्या अलीकडेच एका बांधावर आदळलं. विमानाचा पार चुराडा झाला. आत एकटी वैमानिक मुलगी होती. तिचा पाय मोडला, दोन बरगड्या गेल्या, पण जीव वाचला. तेव्हापासून काकांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

काका विमानतळाचे हवामान निरीक्षक. एवढ्याशा विमानतळाला यंत्रं कोण देतो? काका गच्चीवर जायचे आणि बघायचे. निशाणाचा खांब दिसला की तीनशे मीटर, गोदाम दिसलं की आठशे, पाण्याची टाकी दिसली की दोन हजार. तो आकडा रेडिओवरून वैमानिकाला जायचा. हजाराच्या आत असेल तर उतरायचं नाही, वरच घिरट्या घालायच्या, हा नियम. काल गोदामापलीकडे काहीच दिसत नव्हतं. काकांनी आठशे कळवलं. तरी ती खाली आली.

"तुम्ही सुटलात काका," चौकशीला आलेले साहेब म्हणाले होते. "पोरीचा उतावळेपणा. परवाना जाणार तिचा."

आणि ती पोरगी साहेबांसमोर तोंडाला कुलूप लावून पडली होती. उतावळी म्हणे! विमान उभं केल्यावर चाकांखालची लाकडं दोन-दोनदा तपासणारी मुलगी ती. काकांना लेक नव्हती. हिचा त्यांना फार लळा होता आणि तो लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले.

"पोरी, मी साहेबांना लिहून देतोय. आकडा चुकीचा, हजाराच्या वरचा दिला म्हणून."

"कशाला?"

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्ष होऊन गेलं. नोकरी जाईल म्हणून कुठे बोललो नाही. काल मला नक्की काय दिसलं, देव जाणे. तुझा परवाना तरी वाचेल."

ती हसायला गेली आणि बरगडी धरून कळवळली.

"मोतीबिंदूचं माहीत आहे आम्हाला. सगळ्या वैमानिकांना."

"काय सांगतेस!"

"तुम्ही आठशे म्हणायचात आणि आम्हाला वरून टाकी लख्ख दिसायची. मग आमचं ठरलं. काका निवृत्त होईपर्यंत त्यांचा आकडा आपणच दुप्पट करून घ्यायचा. आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही."

काकांना एकेक सकाळ आठवली. आपण आठशे सांगायचो, ही मंडळी अलगद उतरायची. मग चहा पिताना आपणच म्हणायचो, बरं झालं, तेवढ्यात धुकं फाकलं. सगळे कसे गंभीरपणे माना डोलवायचे! काकांचे डोळे भरून आले.

"मग काल गं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"काल वरून विरळ वाटलं, पण खाली खरंच धुकं होतं, काका. मी ते तुमचा मोतीबिंदू समजले."