सात वाजताची आनिक

"पण आम्हाला स्पष्ट चित्र नकोच आहे," ओडेत म्हणाली. "ज्यांना हवंय त्यांनी घ्यावं. आमचं जुनं चालू दे."

नोल्वेन टपालाची पिशवी दाराशी ठेवून टीव्हीच्या मागे गुडघ्यांवर बसली होती. सत्तरीपुढच्या माणसांनी फोन केला, तर टपालवाल्यांनीच घरी जाऊन टीव्ही लावून द्यायचा, असं यंदा ठरलं होतं. त्यामुळे सकाळपासून तिच्या हाताखालून पत्रं कमी आणि वायरीच जास्त चालल्या होत्या. तिने पुन्हा समजावलं. आज पहाटे साऱ्या देशातलं जुनं प्रक्षेपण बंद झालं. आता अँटेनावर येतं ते सगळं हाय डेफिनिशनमध्ये, आणि ते या संचाला पकडता येत नाही. म्हणून तर महिनाभर सांगत होते, सात नंबर लावून बघा, कोपऱ्यात एचडी ही अक्षरं दिसतात का.

ओडेतने पाहिलं होतं. अक्षरं दिसली नाहीत, म्हणूनच ती निर्धास्त झाली होती. नवं आपल्याकडे आलेलं नाही, म्हणजे आपलं जुनंच राहणार, असा तिने सोयीचा अर्थ काढला. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी तोच काढला होता. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, आमच्या ब्रिटनीत, पॅरिसचा कुठलाही हुकूम टेकडी चढून येईपर्यंत दहा वर्षं जातील असं धरून चालतात. आगगाडी मात्र सांगितल्या दिवशीच बंद झाली होती, ते कुणी ध्यानात घेत नाही.

नोल्वेनने बरोबर आणलेली छोटी पेटी जोडून पाहिली. ती जोडली गेली असती तर जुन्या संचावरच भागलं असतं. पण मागची खाच केव्हाच मोडलेली होती. मेयरच्या कचेरीत एक चपटा टीव्ही नुसता पडून आहे, तो सातच्या बातम्यांच्या आत आणून लावते, असं ती म्हणाली.

"त्यात चेहरे कसे दिसतात गं?" ओडेतने विचारलं.

"आरशात दिसावेत तसे, मादाम. भिवईचा केसन् केस मोजून घ्या."

ओडेत मटकन खुर्चीत बसली. मग खिडकीपाशी बसलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहून तिने हलक्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

एर्वेला हल्ली बायकोही धड ओळखू येत नसे. पण संध्याकाळी सात वाजता इकडच्या बातम्या लागल्या, की तो सदऱ्याचं वरचं बटण लावी आणि बातम्या सांगणाऱ्या बाईला म्हणे, "आलीस का आनिक?" आनिक त्यांची एकुलती एक मुलगी. तेविसाव्या वर्षी मोर्लेच्या रस्त्यावर, पावसात, मोटारीच्या अपघातात गेली. संच इतका जुना, की त्यात त्या बाईचा चेहरा म्हणजे काळे केस आणि एक फिकट गोल, एवढंच दिसे. एर्वेला तेवढं पुरत होतं. तेवढा वेळ तो बोले, हसे, आणि पुढ्यात ठेवलेलं धिरडं लोणी लावून सगळं संपवी.

"ही कुणी परकी बाई आहे हे त्याला कळलं, तर आनिक कुठे आहे ते विचारेल," ओडेत म्हणाली. "मग मला सांगावं लागेल. एकदा सांगितलंय मी. पोलीस दारातून परत गेले, आणि मीच आत जाऊन त्याला सांगितलं. पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्याने."

 नोल्वेन कचेरीतला टीव्ही मात्र घेऊन आली. तो जोडला, आणि मग रिमोटची बटणं दाबदाबून रंग उतरवले, उजेड कमी केला. चेहरे काळवंडले, पण नाकडोळे होते तिथेच राहिले.

"अंधार करता येतो, मादाम," ती शेवटी म्हणाली. "अंधुक नाही करता येत."

बंद करून टाकावा, असं ओडेतच्या मनात आलं. पण एर्वेने सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं होतं.

बातम्या लागल्या. पडदाभर त्या बाईचा चेहरा आला. ओडेतने तिकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे पाहत राहिली.  बाई बंदरातल्या संपाबद्दल सांगत होती. एर्वे पुढे वाकला. त्याने डोळे बारीक केले. नेहमीसारखं "आलीस का" म्हणाला नाही.

"ओडेत," त्याने हाक मारली. कितीतरी दिवसांनी तिचं नाव त्याच्या तोंडून आलं होतं. "ही आपली आनिक ना?"

"हो."

"अगं, केस पिकायला लागले की पोरीचे." बाईला ऐकू जाऊ नये अशा बेताने तो म्हणाला. "आपल्या लक्षातच आलं नाही."

या एका गोष्टीची तयारी ओडेतने केलेली नव्हती. तेविसाच्या पुढे आपली मुलगी कशी दिसली असती, हे तिने इतकी वर्षं मनात येऊच दिलं नव्हतं. आता तिने पडद्याकडे पाहिलं. भांगातली पांढरी कड, पावडरीखालून दिसणारं जागरण, तोंडाच्या कडेची रेघ. सगळं लख्ख होतं. तिला रडू आवरेना. नोल्वेनने उजेड आणखी कमी करायला हात पुढे केला, तो तिने धरून ठेवला.

"येत्या ऑक्टोबरात पंचेचाळीस पुरी होतील तिला," ती नवऱ्याला म्हणाली, आणि आपली खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.