खिडकीतली जागा

पिशोरच्या स्टँडवर एसटी थांबायच्या आत अब्बा रोज धावत जायचे अन् खिडकीतनं रुमाल टाकून युसराची जागा धरायचे. ती कॉलेजातून परतली, की विचारायचे, “आज खिडकीतनं काय काय दिसलं?” दुकानाच्या मालासाठी ते फारतर संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यापर्यंत जायचे, त्यापुढचं जग त्यांनी पाहिलं नव्हतं. आज कॉलेजची सहल हंपीला निघाली. पोचवायला आलेल्या अब्बांनी गाडी दिसताच सवयीनं रुमाल आत फेकला. पोरं फिदीफिदी हसली. “चाचा, सीटला नंबर लावलेत,” सर म्हणाले. “सवय हाय, सर,” म्हणत अब्बा ओशाळून बाजूला झाले. युसराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी हलली. अब्बा हात हलवत मागं राहिले. तिनं रुमाल उचलला, आपल्या खिडकीच्या सीटवर अंथरला आणि स्वतः शेजारच्या रिकाम्या सीटवर बसली. मैत्रिणीनं विचारलं, “खिडकीत कुणी बसलंय?” “व्हय,” युसरा म्हणाली, “अब्बा.”