हातभर उजेड

बद्रीनाथ माळवदावर उकिडवा बसून सरकारी भोकाकडे बघत होता. हातभर लांब, हातभर रुंद, कडा कुरतडल्यासारख्या. प्लेगात सगळी पेठ माळावर झोपड्या घालून राहिली होती. तेवढ्या दिवसांत सरकारची माणसं कुलूप तोडून घरात शिरली, औषध फवारलं, आणि घरात ऊन यावं म्हणून छपराला भोक पाडून गेली. पेठेत घरोघर हेच झालं होतं. परवा माणसं परतली. आज सकाळी बद्रीनाथनं गाढवावरून पांढरी माती आणवली, भिजवली, तुडवली. भोकावर टाकायच्या फळ्या शेजारी ठेवल्या होत्या.

"शेठ, परवानगी घेतली का?" शेजारच्या माळवदावर दाऊद रंगवलेलं सूत वाळत घालत होता. त्याच्या घरी हिमरूचा माग होता.

"कशाची?"

"बुजवायची. सरकारी भोक आहे. उगं जुर्माना व्हायचा."

"माझ्या बापानं बांधलेलं छप्पर आहे, दाऊदभाई."

दाऊद गालात हसला. एवढं बोललं की बद्रीशेठ कुठवर जातात, ते त्याला ठाऊक होतं.

बद्रीनाथ गेलाच. नगरहून खोबरं आणलं की नाक्यावर पोतं उसवून बघतात. घरात कथा ठेवायची तर आधी अर्ज करा. पोरांच्या दंडावर देवी काढायला माणूस येतो, तो आईबापाचं तोंडही बघत नाही. आता दारासमोर खांबावर कंदील लावलाय. रात्रभर उजेड डोळ्यांवर. कुणी मागितला होता?

"सरकारनं चोर धरावा, रस्ता नीट ठेवावा, अन् माणसाला त्याच्या घरात सोडून द्यावं. उद्या शिंक आली तरी कचेरीत जाऊन विचारावं लागंल, शिंकू का म्हणून."

"पण उंदीर मेले, शेठ. आपण वाचलो."

"औषधाला मी कुठं नको म्हणतोय? विचारलं असतं तर मीच पहार दिली असती हातात. पण विचारायचं की नाय? ज्याचं घर, त्याला एका शब्दानं विचारायचं की नाय?"

"ते बरोबर आहे," दाऊद म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता. त्याच्याही छपराला भोक होतं.

बद्रीनाथनं पहिली फळी उचलली आणि कड बघायला आत वाकला.

खाली स्वयंपाकघर होतं. भिंतीत धूर जाण्यापुरता एक झरोका होता, तेवढाच. त्याचं ताट नेहमी पुढच्या सोप्यात यायचं. या खोलीत तो कधी थांबला नव्हता, आणि थांबला असता तरी दिसलं काहीच नसतं. भर दुपारी तिथं चिमणी लावावी लागायची. आता जमिनीवर उन्हाचा एक चौकोन पडला होता आणि त्या चौकोनात त्याची बायको मनकर्णा सूप घेऊन बसली होती. तुरीची डाळ निवडत होती. डाळ तिनं नाकाजवळ धरली नव्हती. सूप मांडीवर होतं, पाठ ताठ होती, बोटं भराभर चालत होती. तिच्या भांगातले पांढरे केस त्याला वरून पहिल्यांदाच दिसले. मनगटावर भाजल्याचे डाग होते, काही जुने, एक ताजा. ऊन पोचत होतं तेवढी भिंत तिनं घासून सारवून घेतली होती. पलीकडे काजळी तशीच होती.

ऊन जरा सरकलं. ती सुपासकट सरकली.

"अगं, बाजूला हो. माती पडंल."

तिनं वर बघितलं नाही. "झाकायलाच पाहिजे व्हय?"

"मग? कुलूप तोडून पाडलंय. कुणी विचारलं होतं आपल्याला?"

"नाय विचारलं."

"तेच तर."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "त्यांनी पाडलं तेव्हा मी माळावर होते. मामंजींनी उजेडाला जागा ठेवली नाय, तेव्हा मी जन्मले बी नव्हते." तिनं सुपातली डाळ पसरली. "आज तर मी इथंच बसलेय."

बद्रीनाथच्या हातातली फळी तशीच राहिली. दाऊदनं मान फिरवली आणि नीट पसरलेलं सूत पुन्हा पसरायला घेतलं.

"पावसाचं पाणी येईल," बद्रीनाथ म्हणाला. ते कुणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"आमच्याकडं फळीचं झाकण केलंय," दाऊद सुताकडेच बघत बोलला. "खाली दोरी सोडलीय. आभाळ आलं की आमची बिल्किस ओढून घेते. भोवती मातीचा कठडा केला की पाणी आत येत नाय."

मग बद्रीनाथनं फळी खाली ठेवली, दोन्ही गुडघे टेकले आणि भोकाशी तोंड नेलं.

"काय करू?" त्यानं विचारलं. "झाकू, का ठेवू?"

तिनं वर बघितलं. उजेडानं तिचे डोळे बारीक झाले.

"मला विचारताय?"

"मग कुणाला? चूल तुझी आहे."

मनकर्णानं सूप मांडीवरून खाली ठेवलं. हात झटकले. चुलीकडे बघितलं, घासलेल्या भिंतीकडे बघितलं, मग काळ्या भिंतीकडे. घाई कसलीच नव्हती तिला.

"सांगते," ती म्हणाली. "जरा विचार करू द्या."

बद्रीनाथ गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. त्याच्या हातावरची माती वाळून पांढरी पडायला लागली होती.