साज थांबला की

दुपारी चार वाजता खैरटोल्याच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, रिंकीचं नाव पुकारलं गेलं. ती अजून स्टेजच्या बाजूला, साउंडच्या टेबलाशी उभी होती.

धनेंद्र हा तिच्या नाचमंडळाचा साउंडवाला. त्यानं हेडफोन तिच्या कानाला लावला. "आता तरी सांग. हे मधलं कापून टाकू का?"

इजिप्तच्या जुन्या वाद्यवृंदाचा तो तुकडा शोधण्यात दोघांचा अख्खा पावसाळा गेला होता. बेली डान्सच्या नावाखाली मोबाइलवर मिळे ते सगळं एकाच ठोक्याचं, खाली डीजे भरलेलं. हा तुकडा वेगळा होता. व्हायोलिनांची रांग, बासरी, आणि मग सगळं एकदम थांबे. एक खोल श्वास घेता येईल इतका वेळ काहीच वाजत नसे. मग एकटा हातढोल.

"कापू नोको, भाऊ," रिंकी म्हणाली. "कंबर तिथंच तर बोलते."

"तुले ऐकू येते, लोकायले थोडीच येते? इथं साज थांबला म्हणजे बक्षीस आलं."

मंडईची रीत तशीच होती. कोणी नोट उंचावली की साउंडवाल्यानं गाणं थांबवायचं. निवेदकानं नाव घ्यायचं. देणाऱ्यानं स्टेजवर चढून नोट नाचणारीच्या हातात द्यायची. साज वाजत असेपर्यंत मात्र तिला कोणी हात लावत नसे, पिऊन आलेलासुद्धा.

आदल्या दिवशी शेजारच्या गावात देवेंद्रनं नोट दिली होती आणि रिंकीचं मनगट सोडलं नव्हतं. रेतीच्या ट्रॅक्टरांचा मालक. त्याला नाही म्हणणारं आसपास कोणी नव्हतं. "उद्या आमच्याच गावात आहेस," तो हसत म्हणाला होता. "कार्यक्रम झाला का माह्या गाडीत बसजो."

म्हणून आज रिंकीची अट होती: बक्षीस घेणार नाही, साज थांबवायचा नाही. मंडई समितीचे अध्यक्ष केशोराव यांनी ती सकाळीच मान्य केली. "नाही थांबणार, बाई. माही जबाबदारी."

"बक्षीस नाही तर मंडईत येतेस कायले वो?" मंडळातली जुनी नाचणारी शामकला तिच्या पाठीवरची गाठ आवळत म्हणाली. "देवळात नाच."

रिंकी स्टेजवर गेली. व्हायोलिनं सुरू झाली.

"गाणं कुठं आहे गा?" मागून कोणी ओरडलं.

"अगा, मयताचा बँड आणला वाटते!"

हशा पिकला आणि हळूहळू विरला. पुढच्या सतरंजीवर शिंगाडे सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. बासरी आली. रिंकीचे खांदे स्थिर होते, त्याखालचं सगळं पाण्यासारखं हलत होतं. "पोरीले हाडं नाहीत का वो?" एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. देवेंद्र पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता. तो रिंकीकडे पाहत नव्हता. साउंडच्या टेबलाकडे पाहत होता.

मग साज थांबला.

रिंकी मधोमध उभी होती, डोळे मिटून. फक्त पोट थरथरत होतं. सगळ्या माना सवयीनं मागे वळल्या, बक्षीस कोणाचं ते पाहायला. निवेदकाचा हातही सवयीनंच माइककडे गेला.

"देवेंद्रभाऊंकडून..."

देवेंद्र तोवर उठला होता. स्टेजला एकच जिना होता. तो वर चढला. त्याच्यामागून आलेले तिघे पायऱ्यांवरच बसले.

हातढोल सुरू झाला. रिंकीनं डोळे उघडले तेव्हा तो हाताच्या अंतरावर होता. ढोल ऐकून तो थांबला. खाली मात्र उतरला नाही.

"असू दे," तो म्हणाला. "संपू दे तुहं. मी उभा आहो."

ढोलाचा तुकडा लहान होता. संपता संपता धनेंद्रनं तो पुन्हा सुरुवातीपासून लावला. रिंकीनं चमकून टेबलाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. तुकडा संपत आला, त्यानं पुन्हा लावला. तिला कळलं. ती नाचत राहिली.

शामकलानं स्टेजमागे जाऊन पोलिसांना फोन लावला. नवेगाव बांधच्या ठाण्यातून गाडी निघून राहिली आहे, असं पलीकडून सांगण्यात आलं.

समोरचा हशा केव्हाच थांबला होता. बायका सतरंज्या झटकू लागल्या. "चाल बाई, घरी काम पडले आहेत," म्हणत एकेक निघाली. रिंकीचं काजळ गालावर आलं होतं. तिचा एक पाय जरा ओढत होता, पण ठोका चुकत नव्हता.

"थकशीन लेका, धनेंद्र," देवेंद्र स्टेजवरून म्हणाला. आवाजात राग नव्हता.

धनेंद्रनं तुकडा पुन्हा लावला.

देवेंद्रनं पायऱ्यांवरच्या एकाला बोटानं खूण केली. तो उतरून केशोरावांकडे गेला, त्यांच्या कानाशी वाकला आणि शाळेच्या भिंतीकडे हात केला. भिंतीपलीकडे समितीचा जनरेटर धडधडत होता. साउंडची सगळी वीज त्याच्यावरच होती. केशोराव काही वेळ स्टेजकडे पाहत राहिले. मग चपला पायात सरकवून उठले.

"केशोरावजी, कुठं जाऊन राहिले?" शामकला ओरडली. "जबाबदारी तुमची होती ना?"

ते वळले नाहीत. भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले.

साडेपाच वाजता हातढोल वाजत होता. पोलिसांची गाडी आली नव्हती. केशोराव अजून भिंतीपलीकडेच होते.