चिकटपट्टी

शलाकाने चकती चिकटपट्टीवर दाबली आणि मग तिच्या लक्षात आलं, चकती उलटी लागली होती. मायक्रोस्कोपखाली जी बाजू वर हवी, तीच पट्टीला चिकटली होती.

चकती टायटॅनियमची. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्यांचा थर वाढवण्यात शलाकाची सहा वर्षं गेली होती. त्या नळ्यांत हाड घट्ट रुजतं, म्हणून असा थर दिलेले कृत्रिम खुबे माणसांना बसवायला उद्या डॉक्टर मंजुरी देणार होते.

तिने चिमट्याने चकती हळूच उचलली. खालून लख्ख, कोरा धातू निघाला. थर सगळाच्या सगळा पट्टीवर राहिला होता.

"होतं गं असं. दुसरी लाव," मायक्रोस्कोप चालवणारे शिरसाटकाका म्हणाले.

डबीत आणखी पाच होत्या. तिने दुसरी लावली, पण मुद्दाम उलटी. देवा, ही तरी धरून राहू दे. उचलली, तर तीही कोरी. तिसरी, चौथी, पाचवी. सहावीही कोरीच निघाली. साध्या पट्टीने जे सुटतं, ते चालत्या माणसाच्या हाडात काय टिकणार?

फोन वाजला. तिचे मार्गदर्शक सर होते. "झाले का फोटो? झकास येऊ देत हं, उद्या पडद्यावर दाखवायचेत."

"पाठवते, सर," ती कशीबशी म्हणाली.

काका हळहळले. "आता फोटो कशाचा काढू, पोरी? एकही चकती उरली नाही."

शलाकाने डोळे पुसले आणि पट्टी त्यांच्यापुढे सरकवली.

"हिचा काढा. थर कुठे राहिला, ते उद्या डॉक्टरांनाही दिसू दे."