तिसरं कडवं

इमारतीचा बॉयलर लहरी होता आणि वरच्या मजल्यावरचा घड्याळजी ठार बेसूर. रोज सकाळी तो न्हाणीघरात एकच गाणं आळवी, दुसऱ्या कडव्याला पाणी गार पडे आणि गाण्याची किंकाळी होई. ती ऐकली की खालच्या घरातली सून सासूबाईंच्या आंघोळीचं पातेलं गॅसवर चढवी. "मेल्याला सूर नाही, पण वेळ पक्की!" सासूबाई करवादत. काल प्लंबरने बॉयलर दुरुस्त केला. आज सून सवयीने पातेलं भरून उभी राहिली. पहिलं कडवं झालं, दुसरंही सरलं, किंकाळी आलीच नाही. "मेला धडधाकट आहे ना?" सासूबाईंनी न्हाणीघरात जाऊन कान टवकारले. तेवढ्यात वर घड्याळजी अडखळला. वर्षानुवर्षं तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचलाच नव्हता. शब्द साफ विसरला होता. सून पातेलं रिकामं करणार, तोच सासूबाईंनी खणखणीत आवाजात तिसरं कडवं उचललं, घड्याळजीहूनही बेसूर.